ज्याचं त्याला विचारा

आमच्या मेलबर्नच्या घरी सरकारी मदतनीस कर्स्टी पहिल्यांदाच आली आणि माझ्या पुढ्यात बसून माझ्या लेकीला, देस्पिनाला, विचारायला लागली, "यांना आंघोळ सकाळी लागते की संध्याकाळी?"

मी काठी आपटली. "तिला काय विचारतेस? आंघोळ ती करणार आहे का मी? बिस्किटांच्या कारखान्यात तीस वर्षं उभी राहिलेय, म्हणून गुडघे गेलेत माझे. जीभ नाही गेली. ज्याचं त्याला विचारावं!"

कर्स्टी लालबुंद झाली. "चुकलं माझं. आम्हाला शिकवतातही तसंच."

"मग शिकलेलं वापर की, बाई!"

देस्पिनाने कपाळाला हात लावला. मी मात्र खूश होऊन आपली ग्रीक कॉफी उकळली, पाहुण्यांसाठी ठेवलेला अंजिराचा मुरंबाही काढला.

मग कर्स्टी माझ्या पांदेलीसकडे वळली. बेचाळीस वर्षांचा लेक माझा, जन्मापासून चाकाच्या खुर्चीत. एकेक शब्द जुळवून बोलतो, पण डोकं लख्ख आहे.

"पांदेलीस, तुम्हाला काय हवंय?"

"त्याला काय हवं असणार?" मी म्हटलं. "मी आहे ना! घास बारीक करून भरवते, नऊ वाजता झोपवते. सगळं वेळेवर."

कर्स्टीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचे शब्द जुळेपर्यंत ती गप्प बसून राहिली.



"वेगळं… घर," पांदेलीस म्हणाला, "आणि किल्ली… आईला… देऊ नका."