निघताना

बालकल्याण समितीच्या वैजयंतीबाई पडद्याकडे पाहत होत्या. त्यावर चौदा वर्षांची रेणुका दप्तर घेऊन शाळेला निघाली होती. खरी रेणुका अजून सहाच वर्षांची होती आणि बाहेर बाकावर आईला बिलगून बसली होती. तिला आईपासून काढून दुसऱ्या घरी ठेवलं तर पुढे काय होईल, हे यंत्रात पाहिल्याशिवाय तसा आदेश देता येत नसे.

"तब्येत उत्तम, अभ्यास उत्तम," यंत्र चालवणारा देवरुखकर म्हणाला.

पडद्यावरची रेणुका दारात वळली. "जाते मी," ती नव्या आईला म्हणाली.

वैजयंतीबाई चमकल्या. "'जाते'? घरातून निघताना?"

"रोज तेच म्हणते. 'येते' कधीच नाही. पण त्याला यंत्र गुण देत नाही, बाई."

"चुलीत घाला तुमचे गुण! आईकडेच ठेवलं तर?"

देवरुखकरने पडद्यावर दुसरं चित्र लावलं. "आई पुन्हा प्यायला लागते. एकदा स्टोव्ह पेटता राहतो. ते चित्र रेणुकाच्या आठव्या वर्षीच संपतं."

बाईंनी सही केली.

बाहेर नव्या घरची ताई न्यायला आली होती. रेणुकाने तिचं बोट धरलं आणि आईने शिकवलं होतं तसं, जिन्याजवळ मागे वळून म्हणाली, "आई, येते हं."