साहेबांचे पाय

"बोट दाबलं की खळगा पडतो आणि भरतच नाही," ती म्हणाली. "बघा ना."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तबेल्यात खाली बसल्या होत्या. त्यांनी तट्टाच्या मागच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. काल संध्याकाळपर्यंत चारही पाय धडधाकट होते. आज सकाळी गुडघ्यांखाली त्यांचे खांब झाले होते आणि खुरांना हात लावला तर चटका बसत होता.

तट्टाचं नाव साहेब. मनात आल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही, म्हणून. बारा वर्षं तिने त्याच्या गाडीतून दवाखान्याच्या धुतलेल्या चादरी पोचवल्या होत्या. मध्ये ऑपरेशनसाठी दोन महिने घरी बसली, तेवढाच काय तो खंड. आता तपासणीचे रिपोर्ट चांगले आले होते, नवऱ्याने स्वतः जाऊन आणले होते, आणि रविवारी चर्चला जाऊन आलं की सोमवारपासून गाडी जुंपायची असं तिने ठरवून टाकलं होतं. नेमके आजच साहेबांनी हात टेकले.

"वाचेल ना?" तिने विचारलं.

"सूज खुराच्या आत शिरली तर आतलं हाड सरकतं. मग जनावर उभं राहू शकत नाही. मग मलाच सुई देऊन त्याला झोपवावं लागेल. खोटं कशाला सांगू?"

डॉक्टरीणबाईंना गोड बोलायची सवय नव्हती. मूलबाळ नसलेल्या घरात हे एक हट्टी जनावरच काय ते तिचं स्वतःचं होतं.

चारा बदलला का? नाही. काही चावलं का? जखम कुठेच नाही. पाणी? नेहमीचंच. डॉक्टरीणबाई विचारत गेल्या आणि ती मान हलवत गेली. तेवढ्यात सासूबाई दुधाचा पेला घेऊन आल्या.

"उभी राहू नकोस गं. हे स्टूल घे. आणि गरम आहे तोवर पी."

एरवी याच सासूबाई तट्टावरून घर डोक्यावर घ्यायच्या. त्या जनावराची बडदास्त ठेवता, मला कुणी विचारत नाही, हे त्यांचं रोजचं पालुपद. पण आठवडाभर त्या कुणाशी भांडल्याच नव्हत्या. वय झालं बिचारीचं, असं म्हणून तिने दूध पिऊन टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी साहेबाच्या पायाखालचा भुसा मुठीत उचलला.

"हा कुठला?"

"माझ्याच दुकानातला," नवरा दारातून म्हणाला. तो सुतार होता. "रोज संध्याकाळी झाडून आणतो आणि इथे पसरतो. खिडक्यांच्या चौकटींचं काम. साधं देवदार."

डॉक्टरीणबाईंनी मूठ उजेडात धरली. फिकट भुशात गडद तपकिरी छिलके होते. त्यांनी वास घेतला.

"सुतार, हे देवदार नाही. हे काळ्या अक्रोडाचं लाकूड आहे. याचा भुसा घोड्याच्या पायाखाली आला की एका रात्रीत पाय सुजतात. माणसाला काही होत नाही, म्हणून तुम्हा लोकांना पत्ताच नसतो."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"एका गिऱ्हाइकाचं काम आहे," तो कसाबसा म्हणाला. "काल झाडताना मिसळलं असेल."

आणि तो उंबऱ्यावर बसून ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला. सतरा वर्षांच्या संसारात तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"अहो, असं काय करता? मुद्दाम थोडंच केलंत तुम्ही?"

"हेही माझ्याच हातून व्हायचं होतं," तो म्हणत राहिला.

"रडून भुसा हलणार नाही," डॉक्टरीणबाई उठल्या. "सगळं उचला. पाय धुवा, थंड पाण्यात उभं करा. खूर अजून जागेवर आहेत. सोमवार विसरा, पण जनावर वाचेल."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने साहेबाच्या मानेला मिठी मारली आणि पोटभर रडून घेतलं. साहेबाने तिच्या खांद्यावर शिंक दिली.

नवरा भुसा ढकलगाडीत भरून मागच्या बाजूला न्यायला लागला. ती स्टुलावर बसून बघत होती आणि हळूहळू तिला हसू फुटायला लागलं. गिऱ्हाईक म्हणे! या गल्लीत चौकटीला खिळे किती लागणार यावर घासाघीस चालते, इथे अक्रोडाचं काम कोण देणार? लग्न झाल्यापासून तिनेच त्याच्यामागे अक्रोडाच्या कपाटाचा धोशा लावला होता. आपल्या ऐपतीत फक्त खायचे अक्रोड बसतात, असं म्हणून तो उडवून लावायचा. आणि आता आठवडाभर दुकानाचं दार बंद. आत पॉलिशचा वास आहे, तुला खोकला होईल, येऊ नकोस. म्हणून एवढं रडू आलं होय! बायकोला खूश करायला निघाला आणि तिच्याच तट्टाच्या जिवावर बेतलं. तिला त्याची इतकी दया आली, इतकं प्रेम आलं, की बसवेना.

"मी देवदाराचा भुसा आणते हो," ती म्हणाली. मागे फावड्याच्या खरखरीत त्याला ऐकू गेलं नाही.

सकाळच्या धांदलीत दुकान उघडंच राहिलं होतं. चौकटींच्या मागे, जुन्या चादरीखाली, ते होतं. फक्त एकदा बघायचं आणि संध्याकाळी अगदी काही माहीत नसल्यासारखा चेहरा करायचा, असं ठरवून तिने चादर ओढली.

लाकूड सुरेख होतं. कपाट आडवं का ठेवलंय, ते तिला आधी कळेना. त्याला दारं नव्हती, आत फळ्या नव्हत्या, वर एकच लांब झाकण होतं. झाकणावर पानाफुलांची नक्षी होती आणि नक्षीच्या मधोमध तिचं नाव कोरलेलं होतं. नावाखाली तिच्या जन्माचं साल, पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढची जागा त्याने कोरी ठेवली होती.