तिच्या हातचा ग्लास

तिसऱ्या घोटातही ती चव नव्हती. नानांनी ग्लास सिंकमध्ये ओतायला उचलला, क्षणभर थांबले आणि पिऊन टाकला. इतकी चांगली ब्रँडी वाया घालवणं जिवावर येतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. हल्ली प्रत्येक ग्लासाला ते हीच समजूत घालत.

ओट्यावर बाटल्यांची दाटी झाली होती. छोट्या भट्टीत गाळलेली, ओल्या लाकडाच्या वासाची व्हिस्की. झाकण उघडताच रानातून वारा यावा तशी जिन. ब्रँडी तर दोन तऱ्हांच्या. बर्फ वितळून ओट्याच्या कडेवरून ठिबकत होता. सकाळचं ऊन अजून पुरतं वर चढलं नव्हतं.

नाना उभं आयुष्य ड्राफ्ट्समन होते. केसाएवढी रेघ ओढावी तर त्यांनीच. आज संत्र्याची साल काढताना सुरी दोनदा निसटली.

दारात किल्ली फिरली. लेक आली होती. तिनं चपला काढल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थबकली. मग तिची नजर त्यांच्या कपाळावरच्या काळ्यानिळ्या डागावर गेली.

"नाना, हे काय लागलं?"

"कपाटाचं दार."

"मागच्या वेळीही कपाटच होतं."

नाना नवा ग्लास पुसायला लागले.

एक काळ असा होता, की नाना दारूत बुडाले होते. कामावरून घरी यायचे ते कुणाच्या तरी खांद्यावर. एकदा रक्तानं माखलेला शर्ट घालून आले आणि रक्त कुणाचं, हे त्यांना सांगता येईना. त्या दिवशी बायको ना रडली, ना भांडली. एवढंच म्हणाली, "अहो, बाहेर प्यायची नाही. घरी मी करून देईन. रोज एक ग्लास. दुसरा मागितलात तर मी या घरात नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि थोड्या वेळानं ट्रेमधून एक ग्लास आणायची. तपकिरी रंग, वर संत्र्याची साल, घशाला झोंबणारा आणि शेवटी किंचित कडवट. नानांनी दुसरा कधीच मागितला नाही. या गोष्टीचा त्यांना कोण अभिमान! लग्नाकार्यात, मित्रमंडळींत कुणी आग्रह केला की छाती पुढे काढून म्हणायचे, "आमचं घरच्या एका ग्लासात भागतं. माणसाचा स्वतःवर ताबा हवा."

ती वारली, आणि संध्याकाळी ट्रे येईनासा झाला. सुरुवातीला नानांना फक्त तो एक ग्लास हवा होता. कधी ब्रँडी जास्त घालून पाहिली, कधी जिन. मध घातला, काढला. चव काही जमेना. चाखल्याशिवाय कळणार कसं? मग चाखणं वाढत गेलं, संध्याकाळची दुपार झाली आणि दुपारची सकाळ.

"तू तिच्या हाताखाली असायचीस स्वयंपाकघरात," नाना म्हणाले. आवाज जड झाला होता. "तुला माहीत असणार. काय घालायची ती? व्हिस्की होती की ब्रँडी?"

"मला नाही माहीत, नाना."

"खोटं बोलू नकोस. मला बाकी काही नको गं. एकदाच ती चव मिळू दे, मग सगळं बंद करतो. तुझ्या आईची शपथ."

ही शपथ लेकीनं याआधीही ऐकली होती. नानांचा हात पुन्हा बाटलीकडे गेला. झाकण फिरेना, बोटं नुसतीच त्यावरून घसरत राहिली. लेक ते पाहत होती. मग पुढे होऊन तिनं बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली.

"बाहेर जाऊन बसा. मी करते."

नाना खुर्चीत येऊन बसले. आत गॅस पेटल्याचा आवाज आला. खलबत्त्यात काहीतरी ठेचलं गेलं. बराच वेळ लागला. मग लेक बर्फानं गार केलेला एक ग्लास घेऊन आली आणि त्यांच्या हातात न देता स्वतःच तिनं तो त्यांच्या ओठांशी धरला.

नानांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"हीच," ते म्हणाले. "अगं, हीच! बघ, एका ग्लासात भागतं की नाही माझं! कुठली बाटली घेतलीस?"

लेकीनं ग्लास त्यांच्या हातात दिला.

"सांग ना."

"कुठलीच नाही, नाना. कडू होईस्तोवर उकळलेला कोरा चहा आहे. आलं, मिरी आणि संत्र्याची भाजलेली साल. आईनं आधी दारू अर्धी केली, मग चमच्यावर आणली, मग नुसती ग्लासाच्या काठाला लावायची. पुढं तीही बंद केली."

नानांनी ग्लास नाकाशी धरून हुंगला. आतल्या ओट्यावरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

"कधीपासून?"

"माझ्या लग्नाच्याही आधीपासून." तिला हुंदका आवरेना. "मी कितीदा म्हटलं, सांग त्यांना. ती म्हणायची, नको गं, एका ग्लासावर थांबतात एवढीच एक गोष्ट त्या माणसाला स्वतःची वाटते, ती नको काढून घ्यायला."