दोन ठोके आणि एक खर्र

विरेकने खलात लसूण आधी घातला, तिथेच चुकलं. लसणाचं आणि इवल्या कांद्यांचं पाणी सुटलं आणि वरून टाकलेल्या गवती चहाच्या चकत्या त्यात पोहायला लागल्या. बत्ता मारला की बाजूला सरकायच्या. पचक. उचलला की परत जागेवर.

सारोन, त्याची सासू, खांबांवर उभ्या घराखालच्या बांबूच्या बाजेवर बसून हे ऐकत होती. पायऱ्यांवरून घसरून तिला आठवडा झाला होता. उजवा हात चौकडीच्या पंच्यात गळ्याशी बांधलेला.

“कुटतोयस की आंघोळ घालतोयस?”

विरेकची बायको मालिस उजाडतानाच कारखान्याच्या ट्रकमधून कामाला गेली होती. पितरांच्या पंधरवड्यातले शेवटचे तीनच दिवस कारखान्याला सुट्टी, आणि विहारात जेवण न्यायची त्यांच्या घराची पाळी नेमकी आज. अकराच्या आत डबा पोचायला हवा. दुपारनंतर भिक्खू शितालाही शिवत नाहीत, आणि ते जेवले नाहीत तर पितरांना काही मिळत नाही. घरचा डबा दिसला नाही तर थोन, सारोनचा वारलेला नवरा, बिचारा विहारामागून विहार हिंडत बसणार. त्याला ककोरचं कालवण लागायचं. कच्ची पपई, भोपळा, वांगी, मासा, भाजलेल्या तांदळाचं पीठ. पण सगळी मदार वाटणावर.

“सारोनताई,” कुंपणापलीकडून यिमचा आवाज आला. “जावई चिखलातून म्हैस काढतोय का गं?”

“काढू दे. तुझी तर नाही ना?”

“तसं नव्हे. तुझा बत्ता ऐकल्याशिवाय माझा हात तांदळाच्या डब्याकडे जात नाही. आठवडाभर भाताची वेळ चुकतेय माझी.” यिम जरा थांबली. “एवढं कशाला जिवाला लावून घेता? माझ्याकडून न्या की वाटीभर. थोनदादाला माझ्या हातचंही आवडायचं.”

सारोनने पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

“आवडायचं नाही,” ती विरेकला म्हणाली, हळू आवाजात. “भिडस्त होता तो.” मग अंगणातल्या रांजणाकडे तिने मान वळवली. “ऊन त्या रांजणाला टेकेपर्यंत वाटण झालं नाही, तर जा, आण तिची वाटी. डबा तूच घेऊन जा. मी काही येत नाही आज विहारात.”

ऊन रांजणापासून दोन हातांवर होतं.

विरेकने खल परसात नेऊन उपडा केला. कोंबड्या धावत आल्या, एकेक चोच मारली आणि निघून गेल्या. त्याने खल धुतला, पुसून कोरडा केला आणि पुन्हा समोर घेऊन बसला.

“आई, एकदा सांगा तरी, आधी काय घालायचं.”

“मला कुणी सांगितलं होतं? आणि सात वर्षं ह्या खलाच्या बरोब्बर डोक्यावर झोपतोयस. उजाडून गेलं तरी. ते सगळं फुकट गेलं?”

विरेकने डोळे मिटले.

वर, फळ्यांच्या जमिनीवर त्याची चटई होती. फळ्यांच्या फटींतून रोज सकाळी हा आवाज वर यायचा आणि तो कुशीवर वळायचा. आधी कोरडा यायचा, टणक, खलात काहीतरी उड्या मारतंय असा. ओला व्हायचा तो फार उशिरा, त्याला उठावंच लागायचं तेव्हा. म्हणजे लसूण शेवटी. आणि मध्ये सगळा वेळ दोन ठोके आणि एक खर्र. ह्या खर्रचं काय ते त्याला कधी कळलं नव्हतं. म्हातारी खलावरही ओरडते, एवढंच वाटायचं.

डोळे उघडून त्याने गवती चहा चिरायला घेतला. आरपार दिसेल इतका बारीक. वर चिमूटभर मीठ, म्हणजे चकत्या जागा सोडणार नाहीत. टोक, टोक. कडेला चढलेला चोथा बत्त्याच्या टोकाने खरवडून खाली ओढला. खर्र.

त्याने मान वर केली. सारोन दुसरीकडेच बघत होती.

टोक, टोक, खर्र. चोथ्याचा भुगा झाला. मग कुलिंजनाचे काप. मग ओली हळद, लिंबाची साल.

“मनगट,” सारोन म्हणाली. “खांदा नको.”

एवढंच बोलली. पण तिच्या डाव्या हाताची बोटं बाजेच्या कडेवर हलायला लागली होती, दोनदा आपटायची आणि एकदा घासायची. खलातून वास वर आला तशी एक कोंबडी परतली आणि मान वाकडी करून उभी राहिली. विरेकने लसणाकडे हात नेला आणि सासूकडे पाहिलं. ती रांजणाकडे बघत होती. त्याने लसूण घातला.

टोक, टोक, खर्र.

कुंपणापलीकडे यिमचं झाडणं थांबलं.

“सारोनताई,” तिने हाक मारली. “हात मोकळा झाला वाटतं?”

विरेकचा बत्ता हवेतच राहिला.

“थांबू नकोस,” सारोन दात आवळून पुटपुटली. मग गळ्यातला पंचा जरा सारखा करून कुंपणाकडे तोंड केलं आणि आवाज चढवला. “झाला गं. आज सकाळीच.”

टोक, टोक, खर्र.

दोघंही कान देऊन होती. पलीकडे पातेल्यात तांदूळ पडले, आणि त्यावर पाणी.