भरपाईचं झाड

बडनेऱ्याजवळच्या वावरात माणिकबाई झेंडू तोडत होत्या. तेवढ्यात एका कंपनीचा माणूस आला आणि त्यानं वावराच्या कडेला धुऱ्यावर असलेल्या जुन्या कडुनिंबाला पत्र्याचा बिल्ला ठोकला. बिल्ल्यावर कोण्या परक्या साहेबाचं नाव होतं.

"साहेब विमानानं फिरतात, हवा खराब होते. त्याची भरपाई म्हणून हे झाड आम्ही लावलंय," तो म्हणाला.

"तुमी लावलं? माह्या सासूनं लावलं हे, माह्या लग्नाच्या आंधी."

"कागदावर आम्ही लावलंय, मावशी. पण आता याला कोणी हात लावणार नाही."

त्या एका शब्दावर विसंबून माणिकबाईंनी बिल्ला राहू दिला. दिवाळीनंतर विमानतळाचा रस्ता रुंद करायला मशीन आलं आणि झाड आडवं झालं. त्यांनी फोनवर फोन करून त्या माणसाला बोलावलं. तो आला, पडलेल्या खोडावरचा बिल्ला त्यानं जपून काढला आणि शेजारच्या निंबाला ठोकला.

"अन् उद्या हे बी तोडलं तं?" माणिकबाईंनी संतापून विचारलं.

त्यानं धुऱ्यावरची झाडं नजरेनं मोजली.

"अजून सात आहेत ना, मावशी."