काठाला लागलेली नाव

आर्नो यंदा सगळ्यात अचूक नेम साधून नेमबाजी मंडळाचा राजा झाला होता. राजाला वाजतगाजत घरून न्यायची इथली रीत, म्हणून इर्मगार्डनं बँडवाल्यांसाठी अंगणात बिअरचे तीस पेले भरून ठेवले आणि ती ओसरीवरची धूळ पुसायला लागली.

तिथं आर्नोच्या पणजोबांनी रंगवलेली नेमबाजीची लाकडी तबकडी टांगलेली होती. तिच्यावर ब्राझीलमधली ही इताजाई नदी, आणि जर्मनीहून आलेल्या पहिल्या सतरा माणसांना घेऊन येणारी नाव. काय हात होता त्यांचा! एकेकाच्या कोटाची बटणं मोजून घ्यावीत. आणि काय माणसं ती! भर जंगलात हे ब्लुमेनाऊ गाव वसवलं.

"अहो, ही नाव दरवर्षी काठाकडे सरकते. मी लग्न होऊन आले तेव्हा पार मधोमध होती."

"तुझा चष्मा सरकतो नाकावरून," आर्नो छातीवरची पदकं चोळत म्हणाला.

ती हसली, तबकडीवरून फडकं फिरवलं, आणि हात थांबला.

नाव काठाला लागली होती. आत कुणीच नव्हतं.

"अहो, बँडवाले आले का?"

"छे गं. पुलापलीकडे वाजवताहेत, ऐकू येत नाही का?"

तिनं अंगणात पाहिलं. सतरा पेले रिकामे करून कुणीतरी एका ओळीत नीट मांडून ठेवले होते. त्यांच्या तळाशी फेस अजून विरत होता.