रणरागिणी मंडळाची शेवटची कुस्ती

सत्यभामाबाईंची पाठ मातीला लागली, तेव्हा हलगीवाल्याचा हातसुद्धा वरच्या वर थांबला. उमापूरच्या जत्रेत बारा वर्षांत हे कुणी पाहिलं नव्हतं. पंच आप्पाराव वाकून बघतच राहिले. बाईंचे दोन्ही खांदे मातीत, आणि वर त्यांचीच चेली स्वप्नाली, दातओठ खात दाबून बसलेली. चितपट! दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती.

मग कुणीतरी शिट्टी मारली आणि गर्दीतून एक जण ओरडला, "नुरा हाय बे, नुरा! गुरूनं चेलीला सोडली!" अख्खा आखाडा खो खो हसला. टाळ्या पडल्या, पण त्या हरलेल्या बाईंसाठी. जिंकलेल्या पोरीकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

लोकांचं तरी काय चुकलं? तलवाड्याचं रणरागिणी महिला कुस्ती मंडळ नुरा कुस्त्याच करायचं. नुरा म्हणजे कोण जिंकणार, कोण पडणार, सगळं आधीच ठरलेलं. टेम्पो गावाबाहेर पडला की सत्यभामाबाई एकेकीला बजावायच्या, तू पाचव्या मिनिटाला पड, तू आधी दोनदा निसट आणि मग पड. शेवटची मानाची कुस्ती कायम बाईंची. पण म्हणून ते सोपं होतं, असं कुणी समजू नये. ज्या गावांत बाईमाणसाला आखाड्याच्या कडेला उभं राहायची चोरी होती, तिथं या अठरा जणी शड्डू ठोकत मातीत उतरल्या. कुणी मेंढरांमागं हिंडलेली, कुणी ऊस तोडलेली, कुणी कापूस वेचून हात सोलून घेतलेली. एका हंगामात चाळीस जत्रा केल्या त्यांनी. युसूफ वडगावला तर जागा पुरली नाही म्हणून माणसं बाभळीवर चढून बसली होती, काटे टोचत होते तरी. काय तो रुबाब होता!

मग उतरती कळा लागली. कुणाची लग्नं झाली, दोघी पोलिसात भरती झाल्या, एकीचा गुडघा गेला. गावोगावच्या पोरी मॅटवर खऱ्या कुस्त्या खेळायला लागल्या, तसे जत्रा कमिटीवाले म्हणायला लागले, बाई, नाटक बास झालं आता. यंदा टेम्पोत दोघीच होत्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या सत्यभामाबाई आणि एकोणीस वर्षांची स्वप्नाली. उमापूरची ही कुस्ती झाली की मंडळ बंद.

स्वप्नालीला पुण्याच्या एका तालमीनं बोलावलं होतं. तिचा बाप गहिनीनाथ मेंढरं राखणारा, शब्दाचा पक्का आणि डोक्यानं तिरसट. त्यानं सांगून टाकलं होतं, "तुमची नाटकं मला सांगू नको. माझ्या डोळ्यांदेखत एक खरी कुस्ती मार, मंग खुशाल जा पुन्याला. न्हाई तर वैशाखात लगीन."

तो आज पहिल्याच रांगेत बसला होता. आता तो उठला आणि घोंगडी झटकून खांद्यावर टाकली.

"झालं नाटक," शेजारच्याला म्हणाला आणि चालायला लागला.

"आबा, खरी हाय वो! आईच्यान खरी हाय!" स्वप्नाली ओरडली. लोक आणखीच हसले. बिचारीला रडू आवरेना.

तेवढ्यात आप्पाराव मानाचा फेटा घेऊन मातीत उतरले. फेटा जिंकेल त्याचा, ही जत्रेची जुनी रीत. पण ते पोरीला ओलांडून सत्यभामाबाईंपुढं जाऊन उभे राहिले आणि माईकवर म्हणाले, "मंडळी, ह्याला काळीज लागतं! बारा वर्षं जिची पाठ कुनी लावली न्हाई, ती आज चेलीला मोठं करायला आपन होऊन आडवी झाली. फेटा बाईंचा!"

माणसं उभी राहिली. हलगी पुन्हा कडाडली.

सत्यभामाबाईंनी फेट्याकडं पाहिलं. नुसती मान खाली घालायची होती. कधी न हरलेली, वर मोठ्या मनाची. असा निरोप कुणाच्या वाट्याला येतो? मग त्यांनी स्वप्नालीकडं पाहिलं. त्यांची नजर आधी चांगलीच तापलेली होती. पोरगी मातीनं माखून उभी होती आणि तिच्या मागं गहिनीनाथची पाठ गर्दीत चालली होती.

बाईंनी आप्पारावांच्या हातातून फेटा घेतला, माईकही घेतला.

"गहिनीनाथ भाऊ, थांबा जरा. सगळेच ऐका. बारा वर्षं मी जिंकले ते ठरवून जिंकले. माझं हे नाव, ही कीर्ती, समदं ठरवलेलं. एक बी कुस्ती खरी न्हवती."

गहिनीनाथ वळून उभा राहिला. बारा वर्षं जपून ठेवलेलं नाव बाईंनी एका दमात मातीत टाकलं होतं. आप्पारावांचं तोंड उतरलं.

"म्हंजे आजची बी ठरलेलीच की," ते म्हणाले.

"व्हय. आजची बी ठरलेली. सकाळी टेम्पोत मीच ठरवली."

"बगा!" कुणीतरी ओरडलं. गहिनीनाथनं पुन्हा पाऊल उचललं.

सत्यभामाबाईंनी स्वप्नालीला जवळ ओढलं आणि मातीच्या हातांनी फेटा तिच्या डोक्यावर ठेवला. त्यांचा खांदा ठणकत होता आणि ऊर अभिमानानं भरून आला होता.

"पन ठरलं असं व्हतं," त्या म्हणाल्या, "की पडायचं हिनं!"